वजन वाढलेली पट्टी

“मॅडम, ही पट्टी गंजलेलीच नाही. उलट वजन वाढलंय हिचं!” नवी म्हणाली, आणि माझ्या हातातला चिमटा फरशीवर पडला. चिमटा पडावा असं खरं तर त्यात काही नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत जो कोणी नव्याने लागतो तो सुरुवातीला ही चूक करतोच, आणि ही तर इतकी अलीकडची की अजून सगळे तिला नवीच म्हणतात. कारखान्यांच्या पाण्याच्या नळांत आम्ही लोखंडाच्या बोटभर पट्ट्या टांगतो. टांगताना वजन करतो, काही महिन्यांनी काढून पुन्हा करतो. जेवढं वजन उतरलं तेवढं लोखंड गेलं; त्यावरून नळ अजून किती टिकेल ते सांगायचं, हे आमचं काम. पण पट्टी बाहेर येते ती एकटी येत नाही. तिच्यावर साय धरलेली असते, तपकिरी, बुळबुळीत, बोटाला शेंबडासारखी लागणारी. पाण्यातले जिवाणू लोखंडाला चिकटतात आणि स्वतःभोवती हे पांघरूण विणतात. पुस्तकात त्याला बायोफिल्म म्हणतात, आम्ही नुसतं थर म्हणतो. त्या थरात गंज अडकतो, गाळ अडकतो, पाणी मुरून राहतं. तो खरवडून, पट्टी आम्लात बुडवून, धुऊन, वाळवून मगच तराजूच्या काचेच्या दारामागे ठेवायची. नवीने ती तशीच ठेवली होती. गेलेल्या लोखंडाची जागा थराने भरून काढली होती आणि वर थोडं जास्तच घातलं होतं. “अगं, आधी न्हाऊ घाल तिला,” असं एरवी मी म्हटलं असतं आणि सगळे हसले असते. पण आदल्या दिवशी जेवताना यांनी लेकीच्या ताटाकडे बघत अगदी याच सुरात म्हटलं होतं, “हिला काय झालंय? उलट वजन वाढलंय हिचं.”

लेक आली त्या दिवशी दार मीच उघडलं होतं. “चांगली अंगाने भरलीस गं!” हे माझे पहिले शब्द. शेजारणीने जिन्यातूनच शिक्कामोर्तब केलं, “सासर मानवलं म्हणायचं!” लेक हसली. हसली म्हणजे तिचे गाल वर गेले. बॅग तिने पलंगाखाली सरकवली, ती उघडली नाही. घरात माझ्याच जुन्या साड्या नेसून वावरू लागली. आणि आयुष्यभर थर खरवडून खालचं लोखंड बघायचा पगार घेणारी मी, भाजीत मीठ बरोबर आहे का एवढंच तिला विचारत राहिले. मग एकदा वाळलेल्या चादरीची दोन टोकं ती, दोन टोकं मी, अशा घडी घालत असताना ती म्हणाली, “आई, तो बोलत नाही.” मी म्हटलं, “म्हणजे?” “म्हणजे बोलत नाही. ओरडत नाही, हात उगारत नाही, पगार घरी आणतो, व्यसन नाही. फक्त बोलत नाही. पाहुणे आले की बोलतो. मला लाडाने हाक मारतो, चहा मागतो, माझ्या हाताची चव सांगतो. पाहुणे जिना उतरले की पुन्हा कुलूप. काय चुकलं विचारलं की खिडकीबाहेर बघतो. आठवडेच्या आठवडे.” चादरीची टोकं जुळवायला ती माझ्याजवळ आली. “मग मी ओट्याशी उभी राहते आणि खाते. जे असेल ते. तोंड हलत राहतं, तेवढंच.” तिच्या हातातली टोकं मी घेतली आणि घडी पुरी केली. घडी फार छान बसली होती, हे मला आठवतं.

“चुकलं का हो मॅडम?” नवी विचारत होती. चिमटा तिनेच उचलून धुतला होता. मी म्हटलं, “बस इथे. आणि नाक सांभाळ.” लाकडी पातीने मी थर हलकेच बाजूला घेऊ लागले. हे काम मी डोळे मिटून करू शकते, आणि माझ्या बोटांना ते अजूनही आवडतं. देवाची उपकरणी घासताना जशी बोटं आपोआप कोपऱ्यांत शिरतात तशी ती इथेही शिरतात. “हे वरचे जिवाणू हवा खाणारे,” मी सांगत होते. “पाण्यातला प्राणवायू हेच संपवतात, खाली पोचूच देत नाहीत. आणि प्राणवायू नाही तर गंज कुठून चढणार? म्हणून सुरुवातीला कधी कधी थराखालचं लोखंड उघड्या लोखंडापेक्षा बरं राहतं.” “मग थर चांगलाच की!” “चांगलाच. तिथेच सगळे फसतात. कारण मग त्या बंद काळोखात दुसरे येतात. त्यांना हवा नकोच असते, ते लोखंडच पोखरतात. वरच्यांनी दार लावून घेतलं की खाली यांचं राज्य.” नवीने नाकावरचा रुमाल खाली घेतला. “म्हणजे मॅडम, वरचे ते पाहुण्यांपुढे गोड बोलणारे, आणि खालचे ते घर खाणारे. माझ्या आत्याचं सासर सेम असंच आहे बघा!” तिकडच्या टेबलावरचे दोघे खो खो हसले. मी पातीवर लक्ष ठेवलं. तपकिरी सायीखाली काळं लागलं होतं, काजळासारखं काळं.

पट्टी आम्लात सोडली तशी बारीक बुडबुडे आले आणि नासक्या अंड्याचा तो वास खोलीभर झाला. नवी शिसारी येऊन मागे सरकली. या आम्लात आम्ही एक औषध घालतो. ते घातलं की आम्ल गंज तेवढा काढतं, शिल्लक लोखंडाला हात लावत नाही. किती शहाणं आम्ल! माझी आई म्हणायची, शब्द म्हणजे तेजाब, जपून सांड गं बाई, ज्याच्यावर सांडेल त्याचं कातडं जाईल. लग्नाआधी मी तोंडाळ होते हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. अशी तिखट होते की भाऊ मला मिरचीच म्हणायचा. लग्न करून निघाले तेव्हा आई कानाशी लागून म्हणाली होती, “घर टिकवायचं असेल तर जीभ दाताच्या आत ठेव.” शब्दात घालायचं औषध काही तिच्याजवळ नव्हतं, नाहीतर तिने तेच दिलं असतं. असं एखादं औषध असतं तर काय झालं असतं? खरं तेवढं निघालं असतं आणि माणूस शाबूत राहिला असता? मी पट्टी वर काढली, धुतली, टिपून घेतली. राखाडी, नितळ, जशी टांगली तशी. आणि मधोमध, मोहरीएवढा काळा ठिपका. मी त्यावर सुई टेकवली. सुई आत गेली, आणि पलीकडून तिचं टोक चमकलं.

“अगंबाई,” नवी म्हणाली. वजन केलं तर घट अगदी किरकोळ. बाकी सगळी पट्टी धडधाकट होती, तीच भरून देत होती. साहेब तेवढ्यात आले. भला माणूस, निवृत्तीला टेकलेला, कुणाचं वाईट न चिंतणारा. “सरासरी काय?” “सरासरी उत्तम,” मी म्हटलं. “मग झालं तर.” “साहेब, आरपार भोक पडलंय.” “एकाच जागी ना?” ते दाराकडे वळलेही होते. “नळ सरासरीने फुटत नाही, साहेब. भोकाने फुटतो,” असं मी म्हणाले. म्हणाले, पण माझं म्हणणं एकदाच असतं आणि हळू असतं. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जायच्या आतच ते दमतं. साहेबांच्या बुटांचा आवाज व्हरांड्यात लांब गेला. सरासरी फार मायाळू असते. सरासरी काढली की जगातलं प्रत्येक घर सुखी आहे. आमच्या घरात कधी भांडण नाही, असं हे कौतुकाने सांगतात ते खोटं नाही. सगळी वर्षं, सगळे दिवस, सगळे तास घ्या. बेरीज करा, भागा. भांडण नाहीच.

माझं मौन हे यांच्या कौतुकातलं पहिलं पान. रोज सकाळी देवापुढे बसल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही, आणि रोज संध्याकाळी दिवा लावला की जेवणाची पानं घेईपर्यंत बोलत नाही. हे कुणाला दाखवायला धरलेलं नाही. लेक पाळण्यात होती तेव्हा तिला ताप भरला. उतरेचना. डॉक्टरांनी हात टेकल्यासारखं केलं. मी तिच्या उशाशी बसून देवाला बोलले, हिला सोड, मी रोज संध्याकाळी माझ्या हाताने तुझ्यापुढे दिवा लावीन आणि दिवा लावला की शब्द उच्चारणार नाही. माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं होतं काय? जीभच तेवढी धारदार होती, ती दिली. पहाटे तिच्या कपाळावर घाम आला. तेव्हापासून एकही संध्याकाळ चुकली नाही, आणि त्या संध्याकाळींनी मला जे दिलं ते मी कुणापुढे नाकारणार नाही. दिवा स्थिर होतो, आतली कालवाकालव हळूहळू तळाशी बसते, आणि कुणीतरी आपल्या पाठीवरून हात फिरवून गेल्यासारखं वाटतं. तो हात मी ओळखते. त्याच्यावर माझा आजही भरवसा आहे. पण त्याच वेळी घरात आणखी कोण होतं, याचा विचार मी त्या दुपारी, पट्टीतलं भोक उजेडात धरून त्यातून खिडकी बघताना, पहिल्यांदा केला. लेक शाळेतून यायची, खेळून यायची, आणि दिवा लागला की माझ्या मांडीशी येऊन बसायची. दिवसभराचं सगळं तेव्हा सांगायची. आज अमकीने माझी वेणी ओढली, आज बाईंनी उभं केलं, आज माझ्याशी कुणी खेळलं नाही. मी मान हलवायची, केसांतून हात फिरवायची. पानं घेईपर्यंत तिचं सांगून संपलेलं असायचं. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, किती मोकळी आहे गं तुझी मुलगी तुझ्याशी. मलाही तसंच वाटायचं.

जावई बघायला आले तेव्हा तीच वेळ होती. मी देवापुढे होते. पडद्याआडून मी त्यांचं बोलणं ऐकलं, “मला तुमचं घर आवडलं. इथे किती शांतता आहे.” हे वाक्य यांनी वर्षभर लोकांना ऐकवलं. माझी मान ताठ झाली होती तेव्हा, खोटं का बोलू. परवा लेकीने धीर करून बापाला सांगितलं तेव्हा हे आधी हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले, “न बोलणं हा काय गुन्हा आहे? तुझी आई रोज संध्याकाळी बोलत नाही. मी गेलो का घर सोडून?” लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती जणू दोन पट्ट्या शेजारी ठेवून बघत होती. माझं ते मौन, त्याचा तो अबोला. फरक म्हटला तर माझ्यापुढे दिवा असतो.

आणि त्याच दिवशी सकाळी, मी निघायच्या घाईत पायात चपला सरकवत असताना, ती दाराशी येऊन उभी राहिली. जावई संध्याकाळी न्यायला येणार होते. तसं त्यांनी यांना फोनवर सांगितलं होतं, तिला नाही. “आई, एक काम करशील? तो आला की बाबांसमोर, माझ्यासमोर त्याला एवढंच विचार, तुम्ही हिच्याशी का बोलत नाही? बस. मी विचारलं की तो खिडकीबाहेर बघतो. तू विचारलंस तर त्याला तुझ्याकडे बघावं लागेल.” “आणि मग?” “काहीही उत्तर दिलं ना, अगदी तू मला आवडत नाहीस म्हणाला, तरी मी बॅग उचलून जाईन त्याच्याबरोबर. भांडायला का होईना, माणूस आहे म्हणेन. नाही दिलं तर नाही जाणार. पण बाबांना ते दिसायला हवं. बाबांना तो बोलतानाच दिसतो.” मी म्हटलं, “विचारीन की. दिवा लागायच्या आत आले तर.” शब्द तोंडातून निसटला आणि मला कळलं. ती हसली, तशीच, नुसते गाल वर नेऊन. “म्हणजे देवाच्या हातात,” ती म्हणाली. “बस चुकेल तुझी.”

संध्याकाळी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. काचेवर धुळीचा थर होता आणि त्यातून उतरतं ऊन लालसर दिसत होतं. माझ्या मनात हिशेब चालला होता, असला हिशेब मी देवाशी कधी केला नव्हता. दिवा जरा उशिरा लावला तर? जावई येईपर्यंत मी थांबले, विचारलं, मग लावला तर? नवस बोलताना वेळ कुठे ठरवली होती मी? पण देवाला पळवाटा दाखवायच्या म्हणजे वाण्याला खोटं वजन दाखवण्यासारखं. आणि तो ताप. तो ताप माझ्या तळहातांत अजून आहे. एवढ्या वर्षांत मी बोलले नाही म्हणून ती जगली, असं मी उघड कधी म्हटलं नाही, पण आत कुठेतरी तो खिळा ठोकलेलाच आहे. मौन मोडलं तर? तिलाच काही झालं तर? मग मी स्वतःलाच विचारलं, आता तिला काय व्हायचं राहिलंय? शेजारी बसलेल्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं. बहुतेक माझे ओठ हलले असावेत. उतरताना मी ठरवून टाकलं. उशिरा लावीन. देव काही साहेबांसारखा नाही, त्याला सरासरी पुरत नाही, भोक दिसतं.

दार यांनीच उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट. तेलाचा वास आला आणि मी आत पाहिलं. देवापुढे दिवा लागलेला होता.

एवढ्या वर्षांत यांनी दिव्याला कधी हात लावलेला नाही. मी तापाने फणफणलेली असताना सुद्धा भिंतीला धरून उठून मीच लावला. तेल काठोकाठ ओतलं होतं, वात भलतीच लांब काढली होती. ज्योत वाकडी होऊन काजळी धरत होती. “तुला उशीर झाला,” हे म्हणाले. “म्हटलं, तुझं चुकायला नको.” मी यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे कपट असतं तर मी ओळखलं असतं, किंवा नसतंही ओळखलं. होती ती भीती. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात घट्ट धरावा तसा हा माणूस आमच्या घराची शांतता धरून उभा होता. “बस आता,” हे हळूच म्हणाले. “ते येतीलच. सगळं नीट होऊ दे.” आणि मी बसले. पाय धुतले, पदर सारखा केला, रोजच्या जागी रोजच्यासारखी बसले, आणि माझे ओठ माझी परवानगी न घेता मिटले. सवय ही काय चीज आहे! स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती. तिने दिव्याकडे पाहिलं, मग बापाकडे, मग आत गेली. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला.

जावई आले. बूट काढून एकमेकांना समांतर ठेवले. मला पाहून त्यांनी आवाज खाली आणला, “आईंचं चालू आहे वाटतं,” आणि लांबूनच मनापासून नमस्कार केला. मग रस्त्यावरची गर्दी झाली, यांच्या गुडघ्यांची चौकशी झाली, एक तेल सुचवून झालं. लेकीने चहा आणला. “कशी आहेस?” ते तिला म्हणाले. इतकं गोड म्हणाले की यांचा चेहरा उजळला. बघ, असं यांनी डोळ्यांनीच मला म्हटलं. “तब्येत छान झालीय,” जावई यांच्याकडे वळून म्हणाले. “माहेरचं मानवलंय.” लेक बॅगेशेजारी उभी होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत तगादा नव्हता, तेच मला सोसेना. वसूल होणार नाही हे माहीत असलेला माणूस दारावरून जाताना सहज आत बघतो, तसं.

“तुम्ही हिच्याशी का बोलत नाही?”

आवाज माझा होता. बारीक, चिरका, मधूनच फाटलेला. दिव्यापुढे बसून मी बोलले होते. छत कोसळलं नाही. कप बशीत ठेवता ठेवता हे, जराही न थांबता, हसून म्हणाले, “तिचं मौन असतं ना आत्ता, ती बोलत नाही.” “हो हो, माहीत आहे मला,” जावई म्हणाले, आणि चहाचा शेवटचा घोट घेतला. माझा शब्द खोलीत पडला, आणि दोघांनी मिळून त्यावर इतक्या हळुवारपणे पांघरूण घातलं की क्षणभर माझाच मला संशय आला. बोलले का मी? का नुसतंच मनात? असं कितीदा झालं असेल. मी बोलले असेन आणि ते कुणी, मी सुद्धा, ऐकलं नसेल.

मी दिव्याकडे पाहिलं. काजळी वर चढत होती. मी देवाला काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवतं. माझ्या हाताने. दिव्याला फुंकर घालायची नसते. मी वातीचं टोक चिमटीत धरून तेलात ओढलं. बोट पोळलं, धूर झाला, खोली एकदम संध्याकाळची झाली. “हा दिवा मी लावलेला नाही,” मी यांना म्हणाले. “माझं मौन नाही.” आणि मग जावयांकडे तोंड करून, ज्या आवाजासाठी भाऊ मला मिरची म्हणायचा तो आवाज कुठून कोण जाणे वर आला, “तुम्ही हिच्याशी का बोलत नाही? सांगा. आम्ही तिघंही ऐकतोय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसू तसंच होतं. मग ते सावकाश, अगदी सवयीने, मान वळवून खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत आहे, दुसरं काही नाही. यांच्या चेहऱ्यावर अजून आशा होती, पाहुण्याला घास घ्यायचा आग्रह करताना असते तशी. “अहो, बोला की,” हे म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, जरा अजिजीने, “काहीतरी बोला.” भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. दिव्याच्या धुराचा कडू वास पसरला होता. मी यांच्याकडे बघत होते, जावयांकडे नाही. सुई आत जाऊन पलीकडे निघते तेव्हा बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला बघायचं होतं. ते आलं. मला आनंद झाला नाही. बऱ्याच वेळाने जावई उठले, बूट घातले, यांना एकट्यांना “येतो” म्हणाले, आणि जिना उतरून गेले. पावलांचा आवाज सुद्धा फार होऊ दिला नाही.

“झालं समाधान?” हे मला म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. रिकामा कप हातात घेऊन ते गॅलरीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आम्ल गंज काढतं, भोक बुजवत नाही. हे मी नवीला सांगायला विसरले होते.

लेकीने बॅग उचलून पलंगावर ठेवली आणि चेन उघडली. बॅगेत कपडे होते, रोजचे, घडीचे. एक एक काढून ती कपाटात माझ्या साड्यांशेजारी लावत होती. वाटलं, आता ती येईल, गळ्यात पडेल. ती आली, माझ्यापुढे जमिनीवर बसली, जिथे लहानपणी बसायची तिथेच. माझं पोळलेलं बोट तिने हातात घेऊन बघितलं आणि सोडून दिलं.

“एवढं सोपं होतं तुला?” ती म्हणाली.

ताप सांगावा? पहाटेचा घाम सांगावा? तिच्यासाठीच होतं ते सगळं, हे तिला ठाऊक आहे. लहानपणापासून मीच तर सांगत आले. माझा हात आपोआप कोनाड्यातल्या काडेपेटीकडे गेला. वेळ टळून गेली होती, पण दिवा लागायला हवा होता, माझ्या हाताने. काडेपेटी वाजली तशी तिने ऐकलं.

“लाव,” ती म्हणाली. “लावलास की मग सांगते सगळं. मला तशीच सवय आहे.”

काडी मी परत आत ठेवली. काडेपेटी मुठीत धरली, मुठीवर पदर घेतला. खोलीत आता इतका काळोख झाला होता की तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता तिचा श्वास कळत होता.

“बोल,” मी म्हणाले. “नाही लावत. बोल ना.”

ती काहीच बोलली नाही.